भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि समोरच्या खुर्चीतलं लेकरू

(भंडारा जिल्ह्यातले पालक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय आहे वाचा-उपचार आणि श्रवणसेवा देणाऱ्यांची व्यावसायिक मानकं. म्हणजे स्पीच थेरपिस्ट, ऑडिऑलॉजिस्ट, कानाची मशीन बसवून देणारे, या सगळ्यांनी काम कसं करावं याचे नियम. आम्ही स्वतः याच क्षेत्रात काम करणारी माणसं आहोत. त्यामुळे आज जी टीका होईल ती आधी आमच्यावरच आहे, हे सुरुवातीला सांगून टाकतो.

मराठीत एक गंमत आहे. 'ऐकत नाही' या एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. शाळेत मास्तर सांगतात, "हा पोरगा ऐकतच नाही." आई म्हणते, "किती हाका मारल्या, ऐकत नाही." आज्ञा मानत नाही की कानाला ऐकू येत नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. अशी कितीतरी मुलं पहिलीदुसरीत मार खाऊन, कोपऱ्यात उभी राहून, 'ढ' ठरून मग आमच्यापर्यंत येतात. भाषा शिकण्याची सर्वांत महत्त्वाची पहिली वर्षं तोवर निघून गेलेली असतात. म्हणून मानक हा शब्द कागदी वाटला, तरी त्याच्या एका टोकाला हे लेकरू आहे, एवढं डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

कायदा काय सांगतो

आधी जे आहे त्याला न्याय देऊ. भारतात या कामावर कायदा आहे. भारतीय पुनर्वास परिषद, जिला आम्ही आरसीआय म्हणतो, ती १९९२ च्या कायद्यानं उभी राहिली आणि १९९३ पासून वैधानिक संस्था म्हणून काम करते. या कायद्यात पुनर्वास व्यावसायिक कोण, याची यादी आहे. तीत श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, तसेच श्रवणयंत्र आणि कानाचा साचा बनवणारे तंत्रज्ञही आहेत. परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि पात्र माणसांची केंद्रीय नोंदवही ठेवते. नोंदणी टिकवायची तर अधूनमधून नवं शिक्षण घ्यावं लागतं. कलम १३ अगदी स्पष्ट आहे. नोंदणी नसलेल्या माणसाला या कामाचं सरकारी पद घेता येत नाही, देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्यानं लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिवाय १९९८ साली परिषदेनं व्यावसायिक आचरण आणि नीतिसंहितेचे विनियम काढले. गैरवर्तन सिद्ध झालं तर नोंदवहीतून नाव काढण्याची सोय कायद्यात आहे. त्याविरुद्ध केंद्र सरकारकडे अपील करण्याचीही सोय आहे.

आता टीका. पहिली गोष्ट, हजार रुपये. आज बऱ्यापैकी डिजिटल कानाची मशीन याच्या कितीतरी पटींनी महाग असते. बेकायदा विकलेल्या एका मशीनच्या नफ्यातून दंड भरून वर पैसे उरतील. कैदेची तरतूद आहे, हे खरं. पण तक्रारच झाली नाही तर ती कागदावरच राहते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे सगळे नियम 'कोण' या प्रश्नाचं उत्तर देतात. खोलीत कोणी बसावं, कोणी पाटी लावावी. आत बसल्यावर त्या माणसानं काय करावं, किती वेळ द्यावा, कोणती तपासणी केल्याशिवाय मशीन देऊ नये, हे पेशंटच्या हातात येईल अशा रूपात कुठे नाही. आमच्या शिक्षणात ते आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, व्यावसायिक संघटनांच्या मार्गदर्शनात आहे. पण लाखांदूरहून आलेल्या बापाला ते कुठे वाचायला मिळणार? भिंतीवर प्रमाणपत्र आहे, तेवढं त्याला दिसतं. मानक पाळलं गेलं नाही हे ज्याला कळायला पाहिजे, त्यालाच ते कळत नाही. मग तक्रार कोण करणार? डॉक्टरांसाठी राज्याची वैद्यकीय परिषद आहे, फिजिओथेरपीसाठीही राज्याची परिषद आहे. आमची नोंदवही दिल्लीत.

खोली, पंखा आणि गिरणी

भंडाऱ्यातली उदाहरणं घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

हा जिल्हा आवाजाचा जिल्हा आहे. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा ओळखलं जातं, आणि पितळेवर ठोके मारल्याशिवाय भांडं होत नाही. धानाचा जिल्हा असल्यानं भातगिरण्या आहेत. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मॅंगनीजच्या खाणी आहेत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे इथं श्रवणतपासणीचा संबंध कामगाराच्या हक्काशी येतो.

आता तपासणी कशी होते ते बघा. ऑडिओमेट्रीत कानाला बारीक आवाज देतात आणि ऐकू आला की हात वर करायला सांगतात. ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज किती डेसिबलचा, तो आकडा लिहितात. त्यासाठी खोली शांत पाहिजे, आवाजरोधक पाहिजे. शिबिरात काय होतं? शाळेचा हॉल, वर पंखे, बाहेर लाइनीत उभी माणसं, कुठंतरी माइक. पंख्याची घरघर खालच्या पट्टीची असते, ती नेमकी खालच्या पट्टीतले चाचणीचे आवाज झाकते. माणसाला खरं तर ४५ डेसिबलवर ऐकू येतं, कागदावर ६० येतात.

यानं काय बिघडतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात रेषा आखलेल्या आहेत. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कमी. सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे. हॉलमधला पंखा या रेषांशी खेळतो. एखाद्याला नको तितकी मोठी मशीन मिळते आणि तिच्या दणक्यानं उरलेलं ऐकणं बिघडतं. एखाद्याला न मिळायला पाहिजे तो दाखला मिळतो. खोट्या दाखल्यांच्या बातम्या आपल्या राज्यात येतच असतात, आणि सगळा दोष दाखला घेणाऱ्यावर टाकला जातो. नुसत्या हात वर करण्यावर अवलंबून राहू नये, शंका आली तर बेरा किंवा ओएईसारखी पेशंटच्या उत्तरावर न चालणारी चाचणी करावी, हे आमच्या धंद्याचं जुनं शहाणपण आहे. ते कोणी पाळलं नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि एक. मोठ्या आवाजात काम केल्यावर कान काही काळ सुन्न राहतो. म्हणून अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत पायाभूत तपासणीआधी १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहायला सांगितलं आहे. आपल्याकडे गिरणीतला माणूस दुपारी पाळी संपवून थेट तपासणीला येतो. "सकाळपासून कुठं होता दादा?" हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. तो विचारणं हेसुद्धा मानक आहे.

नवजात बाळ

आता आम्ही जपून बोलणार आहोत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात बाळांच्या विशेष कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. या जिल्ह्यात ते कोणी विसरलेलं नाही. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीची चर्चा झाली. नियम असणं आणि नियम पाळला जातोय का हे कोणीतरी बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भंडाऱ्याला बाहेरच्या कोणी शिकवायची गरज नाही.

अशाच कक्षातून जी बाळं सुखरूप घरी जातात, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. कमी दिवसांची, कमी वजनाची, खूप कावीळ झालेली, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी औषधं दिलेली. ही औषधं जीव वाचवतात, ती द्यावीच लागतात. पण अशा बाळांत ऐकण्याचा दोष इतर बाळांपेक्षा जास्त आढळतो. जगभर मान्य झालेला हिशोब सोपा आहे: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय.

चाळणीची सोपी चाचणी म्हणजे ओएई. कानात छोटी नळी ठेवतात, आतल्या कानाचा प्रतिसाद मिळाला की 'पास'. पण जास्त कावीळ झालेल्या काही बाळांत आतला कान चांगला असतो आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस नीट काम करत नाही. ओएई ते पकडत नाही. म्हणून पाच दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाची मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी चाचणी करावी, असं मानक सांगतं. अशा बाळाच्या आईला फक्त ओएईवर "कान चांगला आहे" असं सांगणं ही आमच्या मते गंभीर चूक आहे. कारण त्या शब्दावर विश्वास ठेवून ती दोन वर्षं थांबते. आग लागली की निदान घंटा तरी वाजते. इथं काहीच वाजत नाही. पोरगं बोलत नाही हे लक्षात येतं तेव्हा लोक म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता."

सरकारी योजना नाहीत असं नाही. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, आणि जिल्हा पातळीवरच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात श्रवण व वाचातज्ज्ञाचं पद धरलेलं आहे. पद, योजना, यादी, सगळं आहे. आमचा प्रश्न एवढाच की चाळणीत अडकलेल्या प्रत्येक बाळाचं सहाव्या महिन्यापर्यंत काय झालं, हे एका वहीत कोण लिहितं?

झाडीबोली हा आजार नाही

आता ज्या मुद्द्यासाठी हे व्याख्यान इथं द्यावंसं वाटलं, त्याकडे येतो. भाषा.

भंडारा म्हणजे झाडीपट्टी. इथल्या घरात झाडीबोली बोलतात. या बोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत, 'श' आणि 'ष' नाहीत. पाण्याला पानी, लोण्याला लोनी, डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचा रीतसर अभ्यास केला आहे. ती बिघडलेली मराठी नाही, तिला स्वतःची व्यवस्था आहे. याशिवाय जिल्ह्यात पोवारी आहे, गोंडी आहे, तुमसरकडे हिंदीचा वावर आहे.

आता आमचा थेरपिस्ट मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात शिकून येतो. उच्चार तपासायला त्याच्याकडे चित्रांचा संच असतो, तो प्रमाण मराठीत बांधलेला. बाण, बाळ, शाळा, डोळा. पाच वर्षांचं पोरगं डोळ्याचं चित्र बघून 'डोरा' म्हणतं. संचाच्या नियमानं ती चूक. अहवालात लिहिलं जातं: ण, ळ, श या ध्वनींचे दोषपूर्ण उच्चार, थेरपीची गरज.

हे आमच्याच एका सहकारी बाईंच्या हातून झालेलं आहे. एका मुलाला काही महिने 'ळ' शिकवला. शेवटी त्याची आजी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी त सारेच डोरा म्हनतेत. मंग साऱ्याइले शिकवा!" आजीनं एका वाक्यात आमचं मूल्यमापनच तपासून दिलं. त्या मुलाच्या बोलण्यात दोष नव्हता, आमच्या मोजपट्टीत होता. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आणि आजीची बुडालेली मजुरी आम्ही परत करू शकलो नाही.

पण याच्या उलटी चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची आहे. थेरपिस्ट म्हणतो, "इकडचे असेच बोलतात," आणि खरा दोष सोडून देतो. तेव्हा फरक कसा ओळखायचा? झाडीबोलीत 'श'च्या जागी 'स' येतो, म्हणून 'शेत'चं 'सेत' झालं तर ती बोली. पण 'स'च गायब झाला, 'साप'चा 'ताप' किंवा 'आप' झाला, तर आधी कान तपासा. 'स' हा उंच पट्टीचा, बारीक आवाज आहे. उंच पट्टीतलं ऐकणं गेलेल्या मुलाला तो ऐकूच येत नाही, मग तो म्हणणार कसा? तसंच पाच वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाय'ला 'दाय' म्हणत असेल, तर ती कोणतीच बोली नाही, तिथं मदत लागते. म्हणजे ज्याला झाडीबोली कळते, त्यालाच दोष कळतो. बोली माहीत असणं हा इथं तपासणीचाच भाग आहे, सांस्कृतिक हौस नाही.

याच ओघात एक सल्ला सर्रास दिला जातो: "मूल उशिरा बोलतंय ना, मग घरी एकच भाषा बोला, आणि ती शुद्ध बोला." दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाचं बोलणं मागे पडतं, याला आधार नाही. उलट, आईला जी भाषा नीट येत नाही त्या भाषेत बोलायला लावलं की आईच कमी बोलते. लेकराच्या कानावर पडणारं बोलणं घटतं. जिला गोष्टी सांगता येतात, गाणी म्हणता येतात, रागवता येतं, लाड करता येतात, ती भाषा तिच्याकडून काढून घेऊन आम्ही तिला चित्रांचे तक्ते देतो. असा सल्ला देणाऱ्याकडे कितीही मोठी पदवी असो, हे काम मानकाला धरून नाही.

मशीन पेटीत का जाते

कानाच्या मशीनबद्दल लोकांचं एक ठरलेलं मत आहे: "घेतली होती, पण काही फायदा नाही. नुसता गोंगाट येतो, शिट्टी वाजते." मग ती मशीन कपाटात नाहीतर पेटीत. दोष मशीनवर जातो, किंवा "म्हाताऱ्याला सवयच नाही" म्हणून म्हाताऱ्यावर.

शिट्टी का वाजते? बहुतेक वेळा कानाचा साचा नीट बसलेला नसतो. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, म्हणून माप घेऊन साचा करायचा असतो. लहान मुलांचा कान वाढतो, त्यांचा साचा काही महिन्यांनी बदलावा लागतो. शिबिरात मशीन वाटताना तयार रबरी टोपण लावून देतात. गोंगाट का येतो? कारण डिजिटल मशीन माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे सेट करायची असते, आणि ती सगळ्यांना साधारण एकसारखी सेट करून दिलेली असते. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावून बदल करायचा असतो, तो होत नाही. छोटा सेल एकदोन आठवड्यांत संपतो, आणि तो गावच्या दुकानात मिळत नाही.

एडिप योजनेतून मशीन मिळतात. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही त्या योजनेत मदत आहे, आणि ही फार मोठी सोय आहे. पण आपण यश कशात मोजतो? किती मशीन वाटल्या यात. फोटोत वाटप दिसतं. सहा महिन्यांनी किती कानांवर मशीन आहे, हा आकडा कोणत्याच फोटोत नसतो. आमचं म्हणणं आहे की श्रवणसेवेचं खरं मानक हाच आकडा असावा.

खासगी दुकानांचाही विषय आहे. जो तपासतो तोच विकतो, आणि विक्रीवर त्याचा हिस्सा असतो. यात प्रत्येक जण लबाड असतो असं नाही. प्रामाणिक माणसालासुद्धा अशा मांडणीत महागडी मशीन जास्त चांगली वाटू लागते. म्हणून तपासणीचं बिल वेगळं, मशीनचं वेगळं, आणि ऑडिओग्रामची प्रत पेशंटच्या हातात, एवढं तरी सक्तीचं पाहिजे. ऑडिओग्राम पेशंटचा आहे. तो दुकानाच्या फायलीत अडकवून ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक बांधून ठेवणं.

"पण माणसंच नाहीत"

इथं नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. "तुम्ही मानकं वाढवा, पण इथं माणसंच नाहीत. पवनीच्या, लाखांदूरच्या माणसानं नागपूरला जायचं का? काहीच नसण्यापेक्षा अर्धवट काय वाईट?"

आमचं उत्तर असं. सगळी कामं पदवीधरानंच करावीत, असा आग्रह आम्ही धरत नाही. बारावीनंतरची श्रवण-भाषा-वाचा पदविका घेतलेले सहायक आहेत, आशाताई आहेत, विशेष शिक्षक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२४ साली कमी साधनांच्या भागांसाठी श्रवणयंत्र सेवेचं मार्गदर्शन काढलं. त्यात प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडे कामं वाटून देण्याचा मार्ग मांडला आहे. पण काम वाटून देणं वेगळं आणि काम सोडून देणं वेगळं. सहायकानं कुठपर्यंत करायचं, कुठं थांबायचं, कोणाला फोन करायचा, हे लिहिलेलं पाहिजे. मोठ्या माणसाची मशीन साफ करणं, सेल बदलणं, साचा तपासणं, चाळणी करणं, हे सहायक उत्तम करू शकतात. तान्ह्या बाळाचं निदान, दाखल्यावरची सही, मशीनचं पहिलं सेटिंग, इथं नोंदणीकृत तज्ज्ञच पाहिजे, समोर नाही तर निदान व्हिडिओवर.

आणि 'अर्धवट काय वाईट' याचं उत्तर म्हणजे पेटीतली ती मशीन. अर्धवट सेवा मिळालेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

आज घरी जाताना

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर मानक तपासायचं काम थोडं तुमच्या हातात देतो. तपासणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ऑडिओग्रामची प्रत मागा. साचा मापाचा आहे का, विचारा. "पुढची तारीख कोणती?" हे विचारल्याशिवाय उठू नका. विचारताना लाजू नका. चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि मशीन लावलेल्या मुलासाठी रोज सकाळी दोन मिनिटांची एक चाचणी आहे, तिला लिंग यांची सहा-ध्वनी चाचणी म्हणतात. आ, ऊ, ई, म, श, स. तोंडापुढं कागद धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक ध्वनी साध्या आवाजात म्हणा. ऐकू आला की मुलानं डब्यात एक मणी टाकायचा. आता तुम्ही म्हणाल, 'श' तर आमच्या बोलीत नाही. इथं मुलानं तो म्हणायचा नाही, फक्त ऐकू आला एवढं दाखवायचं. काल सहा मणी पडले आणि आज चार, तर सेल बघा, साचा बघा, कान वाहतोय का बघा, आणि तरी जमलं नाही तर आमच्याकडे या.

प्रश्नोत्तरांतून

एका पालकांनी विचारलं, मशीन ऑनलाइन स्वस्तात मिळते, घ्यावी का?

मुलासाठी अजिबात नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून काही श्रवणयंत्रं थेट दुकानातून विकायला परवानगी मिळाली, त्याचा दाखला दिला जातो. पण ती परवानगी १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम दोष असलेल्या माणसांसाठीच आहे. मोठ्या माणसांनीही आधी कान दाखवावा. कधी कधी नुसता मळ असतो.

एका गुरुजींनी विचारलं, शाळेत प्रमाण भाषा तर शिकवावीच लागेल ना?

लागेल, आणि ती तुम्ही शिकवा. घरी डोरा, पुस्तकात डोळा, मुलं दोन्ही पेलतात. आम्ही एवढंच म्हणतो की शिकवणं वेगळं आणि उपचार वेगळा. बोलीला आजाराचा कागद लावू नका.

शेवटचा प्रश्न एका आईचा होता: खुणांची भाषा शिकवली तर माझी मुलगी बोलायची थांबेल का?

नाही ताई, थांबणार नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिच्यासाठी २०१५ पासून दिल्लीत राष्ट्रीय संस्था आहे. मशीन, इम्प्लांट, बोलणं, खुणा, हे सगळे मार्ग आणि प्रत्येकाच्या मर्यादा तुमच्यासमोर सरळ ठेवणं, आणि मग तुम्हाला ठरवू देणं, हे आमचं कर्तव्य आहे. एकच मार्ग सांगून बाकीचे लपवणारा माणूस आमच्यातला असला तरी तो चुकतोय. तुमच्या मुलीशी तुम्हाला आज बोलता यायला पाहिजे, पाच वर्षांनी नाही.